भात्याचा वारा

राजमतीबाई,

शाळेकडून निरोप आलाय, तुमच्यावर काहीतरी लिहून द्या म्हणून. सोबत मदतीसाठी तीन शब्द पाठवलेत: शांत, संयमी, सोशिक. तिन्ही खोटे. तुम्हाला ओळखणारं माणूस आता तिथं कुणी उरलेलं दिसत नाही. म्हणून हे तुम्हालाच उद्देशून लिहितेय. तुमच्या डोळ्यांदेखत थापा मारायची माझी अजूनही छाती नाही.

गोष्टीतली कमला म्हणजे मीच. पण पानभर ‘मी मी’ वाचायचा मला कंटाळा आहे, तेव्हा ती कमलाच राहील. आणि तुम्ही राजमती. मागं ‘बाई’ लागलं की माणूस भिंतीवरच्या फोटोसारखं वागायला लागतं.

तर राजमती चौगुले एका जागी बसत नसे. शिकवताना फळ्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत तिच्या येरझारा चालत. मुलींच्या माना देवळातल्या घंटेसारख्या इकडून तिकडे हलत. निपाणीच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी ती एकटीच. घर तंबाखूवाल्या जैनांचं, खाऊनपिऊन सुखी. सांगलीला राहून रसायनशास्त्राची पदवी घेतली होती. लग्न ठरलं होतं, पण मुहूर्त आणि परीक्षा एकाच आठवड्यात आले. ती परीक्षेला बसली. नवऱ्याकडच्यांनी दुसरी मुलगी बघितली. थोरला भाऊ वर्धमान ही गोष्ट तिला जेवताना अधूनमधून वाढत असे, मिठासारखी.

तिला खरी चीड होती ती धातूंच्या धड्याची. शाळेत प्रयोगशाळा नव्हती, एक कपाट होतं आणि त्याचीही किल्ली हरवलेली. मुली पाठ करत: लोखंड गंजतं, तांब्यावर हिरवट थर चढतो, कथील आम्लातही विरघळतं आणि क्षारातही. घडाघडा म्हणत आणि घरी जाऊन हिरवट पडलेल्या तांब्यातनं पाणी पीत.

“तुमच्या घरात पोतंभर धातू आहे गं,” ती म्हणायची. “एकीनं तरी त्याच्याकडं बघितलंय का?”

सन त्रेचाळीसचा पावसाळा संपत आला होता. लढाईमुळं मलायाकडून येणारं कथील बंद झालं होतं आणि कल्हई करणाऱ्यांचे हाल चालले होते. निपाणीत दस्तगीर कल्हईवाला होता. सणांच्या आधी तो गल्लीच्या तोंडाशी खड्डा खणून, कोळसे पेटवून बसे. पितळेचं पातेलं तापलं की तो चिमूटभर नवसागर टाकायचा, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं हात फिरवायचा. काळंकुट्ट पातेलं आतून आरशासारखं लखलखायचं. पितळेला आंबट लागू नये म्हणून ही कथलाची अंगी. नाहीतर अन्न कळकतं, हे बायकांना कुणी शिकवावं लागत नाही.

अडचण एकच होती. दस्तगीरचा भाता चामड्याचा. जैनाघरी चामडं उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि इथं तर चामड्याच्या पोटातून निघालेला वारा जेवणाच्या भांड्याला लागायचा. त्यावर गल्लीतल्या बायकांनी आपला तोडगा काढला होता. कल्हई होऊन आलेलं भांडं आधी अंगणातच ठेवायचं. त्यात राखेचं पाणी उकळायचं. मग चिंच आणि राख लावून काथ्यानं खसाखसा घासायचं, मग पुन्हा एकदा, आणि मगच ते स्वयंपाकघरात न्यायचं. राजमतीची आई जयाबाई यात गल्लीत पहिली. जयाबाईनं सोवळं केलेलं भांडं म्हणजे त्यावर बोलायची सोय नाही.

त्या वर्षी चौगुल्यांच्या घरी नोंपीचं व्रत पुरं झालं आणि गल्लीला जेवण घातलं. मोठ्या पातेल्यात चिंचेची आमटी सकाळीच करून ठेवली होती. दिवस मावळायच्या आत शेवटची पंगत उठली आणि दिवे लागेपर्यंत निम्मी गल्ली ओकायला लागली. डॉक्टरांनी सगळ्यांना मीठपाणी पाजलं. दोन दिवसांत सगळे उठून बसले, पण चौगुल्यांच्या घरचं जेवण बाधलं ते बाधलंच.

“त्या दस्तगीरनं कथिलात शिसं घातलंय,” वर्धमान म्हणाला. “सगळा बाजार बोलालाय.”

“सगळा बाजार म्हणजे कोण?” राजमतीनं विचारलं.

“तू गप. तुझ्या पुस्तकातलं शाळेत सांग जा.”

“शिसं आहे का नाही ते कसं बघायचं, तेच आहे पुस्तकात.”

“मग बघ की. रविवारी बस्तीच्या देवळात पंच बसणार हाईत. त्याला गल्ली बंद करायची ठरलंयच. एक गल्ली बंद झाली की बाकीच्या आपोआप होत्यात.”

हे खरंच होतं. दस्तगीरची सगळी कमाई निपाणीतल्या जैनांच्या आणि वाण्यांच्या भांड्यांवर. शिसं घालणारा म्हणून एकदा नाव झालं असतं तर त्याला गाव सोडावं लागलं असतं. राजमतीनं पायात वहाणा सरकवल्या आणि निघाली.

दस्तगीर घरापुढं बसला होता. भाता दुमडून बाजूला, खड्डा गार. बातमी आधीच पोचली होती.

“दस्तगीरमामा, शिसं घातलंत?” तिनं उभ्याउभ्याच विचारलं.

“न्हाय आक्का.”

“मग लोकं ओकली कशानं?”

“त्येच कळंना झालंय मला. व्यापाऱ्यानं मलाच फशिवलं काय, ह्यो इचार करालतो बघा.” त्यानं थोडा वेळ कोळसे चिवडले. “एक हाय. पातळ केलं. कथील मिळंना. पयलं दोनदा हात फिरवायचा, आता एकदाच फिरिवतो. पण शिसं न्हाय.”

“हे वर्धमानला सांगितलंत?”

“त्यो इचारीनाच. नुस्तं सांगून गेला.”

राजमतीनं त्याच्याकडून कथलाच्या कांडीचा एक तुकडा मागून घेतला, आणि मूठभर नवसागरही. तुकडा तिनं कानाजवळ धरून वाकवला. करकर आवाज आला. चोख कथील वाकताना असा आवाज करतं. तिची खात्री पटली, पण पंचांना कथलाची करकर ऐकवून काय होणार? त्यांना डोळ्यांना दिसेल असं काहीतरी पाहिजे होतं. रविवार जवळ आला होता आणि तिच्या पायांना चैन नव्हती. सोनाराकडून तेजाब, दवाखान्यातून पोटॅशियम आयोडाइडची चिमूट, किराणा दुकानातून चहाच्या खोक्याच्या आतला शिशाचा पत्रा, आणि पानवाल्याकडून चुना. एवढं गोळा करून ती वर्गात आली. बगलेत नोंपीचं पातेलं होतंच. त्याच्या तळाला आमटीची हिरवट खरड वाळून चिकटलेली. ते तसंच ठेवा म्हणून तिनं आईशी भांडण केलं होतं.

“आज पुस्तक मिटा,” ती म्हणाली. “आज धडा घडायचा आहे.”

आधी शिशाचा पत्रा. तेजाबात विरघळवला, जास्तीचं तेजाब आटवलं, उरलेलं पाण्यात कालवलं आणि त्यात दवाखान्यातलं औषध सोडलं. पाणी एकदम पिवळंधमक झालं, हळद सांडल्यासारखं. मुली बाकांवर उभ्या राहिल्या.

“हे शिसं. हा रंग लक्षात ठेवा. आता दस्तगीरचं कथील.”

कथलाच्या तुकड्याची तेजाबात पांढरी पूड झाली. ती गाळून उरलेल्या पाण्याला तेच सगळं केलं. औषध पडलं. सगळ्या वाट बघत बसल्या. पाणी तसंच राहिलं, नितळ.

“म्हणजे शिसं नाही,” कमला म्हणाली. पहिल्या बाकावर बसणारी ही मुलगी, सगळ्यांच्या आधी बोलायची तिला खोड.

“नाही. मग ओकायला काय झालं, ते बघू.”

नवसागर आणि चुना एकत्र करून तिनं नळीत तापवले. असा उग्र वास सुटला की मागच्या बाकावरच्या मुली रडायला लागल्या.

“नाक धरा. हा अमोनिया आहे. शेणाच्या उकिरड्यावर असतो तोच, फक्त इथं त्याला इज्जत आहे.”

तो वायू तिनं पाण्यात घेतला. पातेल्यातली हिरवट खरड उरलेल्या तेजाबात विरघळवली आणि त्यात हे पाणी थेंबथेंब सोडलं. आधी फिकट गढूळ झालं. मग बघता बघता गर्द निळं झालं, शालूच्या निळ्यासारखं.

“तांबं,” राजमती म्हणाली. “पितळेतलं तांबं आमटीत उतरलं. लोकांना बाधलं ते हे. दस्तगीरनं काही घातलेलं नाही.”

“पण बाई,” कमलानं विचारलं, “पितळेवर कथील होतं ना? ते कुठं गेलं?”

आणि राजमती थांबली. त्या वर्गातल्या मुलींनी तिला येरझारा घालताना मध्येच थांबलेलं तेवढं एकदाच बघितलं. फळ्यावर तिच्याच अक्षरात कालचं वाक्य होतं: कथील आम्लातही विरघळतं आणि क्षारातही. चिंच म्हणजे आम्ल. राखेचं पाणी म्हणजे क्षार. वर काथ्या. लहानपणापासून अंगणातून येणारा तो खसाखसा आवाज तिच्या कानांना इतका सवयीचा होता की तो तिनं कधी ऐकलाच नव्हता.

ती पातेलं उचलून निघून गेली. पुढचा तास भूगोलाचा होता, तो कुणी शिकवला नाही.

घरी जयाबाई अंगणात उकिडवी बसून घागर घासत होती. राजमती तुळशीपासून पायरीपर्यंत दोनतीनदा फिरली.

“बस की गं जरा,” जयाबाई म्हणाली. “बघूनच मला घेरी याय लागली.”

“आई, नोंपीच्या आधी पातेलं किती घासलंस?”

“म्हणजे? नोंपीचं पातेलं ते. नेहमीपेक्षा जास्तच घासलं. सांज होईस्तवर घासत होते.”

राजमतीनं मग सगळं सांगितलं. कथील किती पातळ असतं, राखेचं उकळतं पाणी त्याला कसं खातं, चिंच कशी खाते, काथ्या उरलेलं कसं नेतो. दस्तगीरनं यंदा निम्मंच चढवलं होतं. ते जयाबाईच्या हातापुढं टिकलंच नाही. सांगताना तिचा आवाज वर्गातल्यासारखा चढत गेला, आणि मग तो तिचा तिलाच ऐकू आला.

जयाबाईनं घागर बाजूला ठेवली. हात पाण्यात बुडवून तिनं बोटांकडं बघितलं.

“हे तुला कवापासून ठाऊक हाय?”

“कॉलेजातनं.”

“आणि मी तुझ्यादेखत घासालेय. इतकी वर्सं.” तिनं हात पदराला पुसले. “गावच्या पोरींना शिकवतीस. मला का नाही गं शिकवलंस?”

खरं उत्तर असं होतं की राजमतीला घरात थांबायलाच आवडत नसे. सकाळी ती आईच्या आधी बाहेर पडायची.

पेच आता सरळ होता. दस्तगीरला वाचवायचं तर पंचांपुढं सांगावं लागणार, की पातेलं घासून घासून उघडं पाडलं ते जयाबाईनं. गल्लीत जिच्या सोवळ्याची शपथ घ्यायची, तिच्या हातानं गल्ली ओकली. शनिवारी राजमती घरात टिकली नाही. ती बाजारातून नाक्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. वाटेत भेटलेल्या कमलाला तिनं विचारलं, “आईचं नाव न घेता सांगता येईल का गं?” कमला म्हणाली, “बाई, निळा रंग दाखवला की ते विचारणारच.” राजमतीनं तिला मूर्ख म्हटलं आणि पुढं चालू लागली.

रविवारी बस्तीच्या पडवीत पंच बसले. मधोमध म्हातारे पद्मराज आण्णा, शेजारी वर्धमान. बायका खांबाच्या पलीकडं. दस्तगीर खाली अंगणात, डोक्याला रुमाल बांधून. राजमतीनं पिवळी बाटली दाखवली, नितळ बाटली दाखवली, निळी दाखवली. पद्मराज आण्णांनी निळी बाटली उन्हात धरून बराच वेळ बघितली.

“बरं, शिसं न्हाय,” ते म्हणाले. “मग कल्हई गेली कुठं?”

“पातळ होती. आणि घासण्यानं गेली.”

“कुणी घासली?”

राजमतीनं तोंड उघडलं. मग ती नितळ बाटलीचं बूच लावत बसली. वर्धमान तिच्याकडं बघत होता; त्याला कळलं होतं आणि त्याचा चेहरा उतरला होता.

“मी,” खांबाच्या पलीकडून जयाबाई म्हणाली. “माझं पातेलं, माझा हात. आणि आण्णा, तुमच्या घरातलं तुमची सून घासती, तिलाबी इचारा. सगळ्याजणी घासतो. भात्याचा वारा लागतो म्हणून.”

बायकांत कुजबुज झाली. बऱ्याचजणींनी हात पदराखाली घेतले. पद्मराज आण्णा हसले. ते क्वचित हसत.

“म्हणजे गल्लीच बंद कराय पायजे,” ते म्हणाले, “दस्तगीर राहिला बाजूला.”

शिशाचा डाग पुसला गेला. पण पंच म्हणजे पंच. हातात आलेलं प्रकरण पुरतं सोडत नाहीत. भांडं घासायचं ते चामड्यामुळं, तेव्हा दोष चामड्याचा, असं ठरलं. दस्तगीरनं नाक्याबाहेर बसावं, भांडी तिकडं नेऊ. बिनचामड्याचा भाता आणला तर गल्लीत खुशाल बसावं.

“भात्याशिवाय जाळ कसा फुलायचा?” राजमती म्हणाली.

“तू शिकलीयस की,” वर्धमान म्हणाला. “शोध काहीतरी. तेवढाच तुझ्या पायांना उद्योग.”

त्यानं टोमणा मारला, तिनं कामच मानलं. पहिल्यांदा तिनं मेणकापडाचा भाता शिवला. दस्तगीरनं तो मन लावून चालवला, पण एक ठिणगी पडली आणि भाता फुर्रकन पेटला. दस्तगीर इतका हसला की त्याला ठसका लागला. “आक्का, कोळशापेक्षा ह्यानंच चांगला जाळ झाला,” तो म्हणाला. जयाबाईनं मात्र त्याच महिन्यात आपली भांडी डोक्यावर घेऊन नाका गाठला, आणि परत आणल्यावर नुसत्या गरम पाण्यानं धुऊन मऊ फडक्यानं पुसली, अंगणात, सगळ्यांना दिसेल अशी. चारदोन घरांनी तिचं बघून तसं केलं. बाकीच्यांनी काथ्या सोडला नाही.

मग एक दिवस बेळगावला जाताना राजमतीला पाहिजे ते सापडलं. पेट्रोल मिळत नव्हतं तेव्हा मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागं एक उंच टाकी, तिच्यात कोळसे, आणि निघण्यापूर्वी ड्रायव्हर पत्र्याच्या डबीतला पंखा दांड्यानं गरगर फिरवून जाळ फुलवायचा. लोखंडी पाती, लोखंडी डबी. चामडं औषधालाही नाही. राजमती मोटारीत बसायची सोडून मागं जाऊन उभी राहिली.

“हा पंखा मला पाहिजे,” ती ड्रायव्हरला म्हणाली. ड्रायव्हर रवळू, बेळगावजवळच्या मच्छे गावचा.

“घ्या की बाई. मोटार हितंच ऱ्हाईल मग.”

“आत्ता नाही. लढाई संपल्यावर.”

“लढाई संपली की ही टाकी पयली काढून फेकणार मी. पंखा तुमचाच.”

तेव्हापासून राजमती लढाई संपायची वाट बघू लागली, आणि तिच्याइतक्या घाईनं ती वाट बर्लिनमध्येही कुणी बघत नसेल. दस्तगीरला तिनं सांगून ठेवलं. दर सणाला तो नाक्याबाहेरून विचारायचा, “आक्का, पंखा?” आणि ती म्हणायची, “येतोय.”

कमला चव्वेचाळीस साली बेळगावला कॉलेजात गेली, रसायनशास्त्रच घेऊन. लढाई संपली, पेट्रोल आलं. रवळूनं शब्द पाळला. टाकी भंगारात गेली, पंखा त्यानं मच्छ्याला घरी नेला आणि मोटार सोडून शेती बघू लागला. तोवर राजमतीलाही निपाणी पुरेनाशी झाली होती. लोंढ्याला खरी प्रयोगशाळा असलेली एक शाळा निघाली होती. ती तिकडं गेली. जाताना कमलाला म्हणाली, “मच्छे तुझ्या बाजूनं जवळ, माझ्या वाटेवरचं. तू बेळगावहून ये, मी लोंढ्याहून येते. मला तो फिरवून बघितल्याशिवाय न्यायचा नाही. निम्मा चालणारा पंखा दस्तगीरच्या गळ्यात मारणार नाही मी. मग दोघी मिळून निपाणीला नेऊ.”

ठरलं, आणि लांबलं. एकदा लोंढ्याच्या परीक्षा आल्या. एकदा पावसानं रस्ता तुटला. एकदा कमलाचं लग्न निघालं. सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात कमला एकटीच मच्छ्याला जाऊन आली. रवळूची बायको नागुबाई म्हणाली, पंखा आढ्याला टांगलाय, चिमण्यांनी घरटं केलंय त्यात, पिल्लं उडाली की न्या. कमलानं दांडा हातानं जरासा फिरवून बघितला. फिरत होता. तिनं राजमतीला कळवलं. राजमतीचं उत्तर आलं: दिवाळीच्या सुट्टीत नक्की, पहिल्याच दिवशी, मच्छ्याच्या फाट्यावर.

दस्तगीर त्या दिवाळीलाही नाक्याबाहेरच बसला होता, चामड्याचा भाता घेऊन. जयाबाई तिची घागर घेऊन त्याच्यासमोर बसली होती आणि विचारत होती, पोरी पोचल्या का फाट्यावर.

बाई, त्या फाट्यावर तुम्ही आला नाहीत, हे मला मागाहून कळलं, कारण मीही गेले नाही. पंखा आढ्यालाच राहिला.